दिवसाला वीस गलेता

नाही हो, चाळीस कॅलरी एका गलेतेच्या. ते चारशे चाळीस पुड्यावर लिहिलंय ना, ते शंभर ग्रॅमचं — आणि आमची एक गलेता, एवढंसं सुकं बिस्कीट ते, भरते नऊ ग्रॅम, भट्टी जरा तापट असली तर साडेआठ. चाळीस धरा. दिवसाला वीस, म्हणजे आठशे झाले, आणि वर दोन वेळची दूध-कॉफी, ती वेगळी. वहीत लिहिलंय मी सगळं, तारखेवार आहे, बघा — तुमच्या आधी तो दाढीवाला मुलगा यायचा ना आरोग्यकेंद्रातून, त्यानेच सांगितलं होतं, मासियाकाका, काकू काय खातात ते रोज लिहीत जा, मग लिहायला लागलो. तुम्ही बसा की. पोत्यावर नको, काळा कोट आहे तुमचा, पिठाने भरेल — ते स्टूल ओढा. आणि माझ्या पोटाकडे बघू नका, भट्टीवाल्याचं पोट असतंच, सासऱ्यांचं तर पिठाचं पोतं उचलताना मध्ये यायचं. तर वहीत आठशे, आणि तुमच्या काट्यावर अडतीस किलो. फेब्रुवारीत त्रेचाळीस होती. वही आणि काटा, दोघांपैकी एक खोटं बोलतंय, असं तुमचं म्हणणं. म्हणत नाही आहात, पण वर तिला वजनकाट्यावर उभी करून जिना उतरून आलात तेव्हापासून बघताय तशाच.

आता हे तुमच्या कागदावर काय लिहिलंय — वाचतो हं, चष्मा नाही, तरी वाचतो — ‘क्रॅकर, भाजका खाऊ, पोषणमूल्य कमी.’ कमी म्हणजे किती कमी, ते कुठे लिहिलंय? गव्हाचं पीठ आहे, ऑलिव्हचं तेल आहे — विकतचं नाही, आमच्याच झाडांचं, मेव्हण्याच्या मळ्यातलं — मीठ आहे, पाणी आहे आणि लिंबाएवढं आंबवण. पुड्यावरची आकडेवारी लेकीने पाल्माच्या प्रयोगशाळेतून आणवली, पोलोनियाने, तिला असलं सगळं कळतं. प्रथिनं नऊ. नऊ म्हणजे काही अंड्याशी बरोबरी नाही, मान्य, पण शून्य नाही ना? तेल सोळा. मीठ पावणेदोन, ते जरा जास्त आहे, ते तुमच्या दाढीवाल्यानेही दाखवलं होतं. पण बाई, ह्या आंद्राच गावची माणसं शंभर-दीडशे वर्षं बोटीवर ह्याच्यावर जगली. सकाळी गलेता, दुपारी गलेता कांद्याबरोबर, संध्याकाळी गलेता रश्श्यात कुस्करून. चव नाही आवडली तरी दात शाबूत असेपर्यंत माणूस मरत नव्हता. आमच्या घराला गाव काय म्हणतं ठाऊक आहे? ‘सुक्यांचं घर’. पत्ता विचारताना नाव सांगितलंत तर कुणी दाखवणार नाही, सुक्यांचं घर म्हणा, शेंबडं पोरही आणून सोडेल. सुकं ते ह्या गलेतांवरून. सगळं पाणी काढून टाकायचं तिच्यातलं, म्हणून ती टिकते. पावाला तिसऱ्या दिवशी बुरशी. हिला सहा महिने काही होत नाही. पोषण वगैरे नंतरच्या गोष्टी, आधी टिकायला हवी — हे सासऱ्यांचं बोलणं, आणि माझ्या बायकोचं, कोलोमाचंही.

आता तुम्ही विचाराल, मग त्यातच थोडं पोषण घालायचं की काका. घातलं ना. मला काय तुम्ही तसलाच समजता? मार्चमध्ये घातलं. बदाम दळले, अगदी टाल्कम पावडरीसारखे, आणि पिठात पाचाला एक असे मिसळले. प्रथिनं अकरावर गेली असतील, मी हिशेब केला होता. वरून दिसायला तशीच — तीच नऊ भोकं, तीन ओळींत तीन. ही भोकं पाडायची फळी तिच्या वडिलांची, खिळे बदलले पण फळी तीच, आणि कोलोमाने चाळीस वर्षं तीच मारली कणकेवर, मनगटं बघितलीत का वर तिची, आता काडी झालीत पण हाड बघा किती रुंद. तर बशीत ठेवल्या. तिने अंगठा फिरवला भोकांवरून, मोजली, मग वास घेतला, आणि बशी ढकलली. म्हणाली, “ह्या नकोत. ह्या टिकणार नाहीत.” मग दूध पावडर घातली एप्रिलमध्ये — तेच. अंडं घातलं — ते तर फुगलंच, मलाच लाज वाटली. चण्याचं पीठ — “टिकणार नाहीत.” आणि मला, बाई, खरं सांगतो, मला बरं वाटायचं. हसू नका. मी म्हणायचो, बघा, सगळं विसरली, लेकीचं नाव विसरली, चमचा कुठल्या हातात धरायचा ते विसरली, पण गलेता कशी असावी ते नाही विसरली. शेजारच्या फ्रान्सिनाला सांगितलंसुद्धा मी, दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर — म्हटलं, माझी बायको अजून ह्या भट्टीची मालकीण आहे, माल नापास करते. असा मी. तिने मला चार वेळा सरळ तोंडावर सांगितलं आणि मी ती कारागिरी समजलो.

काय सांगितलं? सांगतो. आधी हे बघू द्या — नाही, अजून फिकट आहेत. दुसरा घाणा आहे हा. पहाटेचा विकला गेला.

तर आधी असं नव्हतं. आधी ती जेवायची. मग गेल्या वर्षी एकेक करून सोडत गेली — मासा सोडला, मग भाजी, मग अंड्याकडे बघून रडायला लागली, का ते नाही कळलं. तोंडाजवळ चमचा नेला की दात घट्ट. पोलोनिया यायची रविवारी, ती रडायची, मी ओरडायचो, आणि कोलोमा आमच्या दोघांकडे बघायची, आपण पाहुण्यांच्या भांडणात सापडलो की बघतो तसं. आणि मग एक दिवस मी कंटाळून नुसत्या गलेता ठेवल्या. दहा. उशाशी, बशीत. आणि तासाने वर गेलो तर बशी मोकळी. तुम्हाला सांगतो, मी त्या जिन्यावर बसलो आणि — जाऊ दे. संध्याकाळी परत दहा. परत मोकळी. दुसऱ्या दिवशी वीस, तिसऱ्या दिवशी वीस. मी पोलोनियाला फोन केला, म्हटलं, खातेय. आई खातेय. तर ते पहिले दोन महिने वहीत जे आहे ना, ते मी खोटं नाही लिहिलेलं. ते मात्र लक्षात ठेवा. पहिले दोन महिने मला खरंच वाटत होतं.

— ती काठी आपटतेय, काही नाही. दोनदा आपटली की काहीतरी हवंय, एकदा म्हणजे उगाच. ही एकदाच होती. आज वार कुठला? शनिवार. हां. मग आपटेल अजून.

पुढे? पुढे काय. मे महिन्यात मी गादी उलटवायला, चादर बदलायला गेलो. खिडकीखाली तो पेटारा बघितलात? निळा? त्यात तिची लग्नातली चादर असायची. चादर नव्हती. थैली होती. पिठाच्या पोत्याच्या कापडाची, दोरीने ओढायची, एवढी — आणि टच्च भरलेली. शिवण नवी. बोटांनी नीट चमचा धरता येत नाही तिला, पण थैली शिवली होती, आणि टाका सरळ. मी उघडली. वरच्या थरावरच नऊ भोकं. मी मोजल्या नाहीत, मला मोजायची गरज नव्हती, मीच तर दिल्या होत्या. एकही फुटलेली नाही, थैलीत न मावलेल्या खाली पेटाऱ्यातही तशाच. एकावर एक, उभ्या लावलेल्या, मध्ये कागद — तुम्ही बोटीवर माल भरला नसेल, तसंच लावावं लागतं, आडव्या लावल्या तर हेलकाव्याने चुरा होतो. आणि बदामाच्या, अंड्याच्या, त्या का नको होत्या ते तिथे उभ्याउभ्या कळलं मला. बदामाला सहा आठवड्यांत खवट वास येतो. अंड्याला त्याच्याही आधी. टिकणार नाहीत, ती म्हणायची, आणि बरोबरच होतं तिचं — समुद्रावर नसत्याच टिकल्या.

मी विचारलं, हे कुणासाठी? मोठ्याने विचारलं, जरा रागानेच. ती म्हणाली, “हळू बोला, मास्तर. बाबा ऐकतील. बाबांना वाटतं मी जास्त देते.” आणि मग म्हणाली, “मासियासाठी. शनिवारी बोट सुटते.”

हो. मासिया मीच.

पाच वर्षं होतो मी बोटीवर, लग्न झाल्या झाल्या. ‘बोनानोव्हा’ नाव बोटीचं, मालवाहू, मार्सेय, जेनोआ, ओरान, परत. चोवीस वर्षांचा होतो. ही बेकरी सासऱ्यांची, मी नंतर शिकलो. तेव्हा भट्टीवर तिच्या वडिलांचा एक कामगार असायचा, त्याला सगळे मास्तर म्हणायचे — तो मी आहे आता. म्हणजे तिच्या लेखी. ह्यात तिची चूक काय सांगा, मी ह्याच भट्टीपुढे असतो, अंगाला पीठ असतं, वय झालंय. पन्नास वर्षं मला तू म्हणत आलेली बाई, एके दिवशी तुम्ही म्हणायला लागली. मला वाटलं होतं मान द्यायला लागली म्हातारपणी. गंमत केली होती मी त्यावर.

आधी समजावून बघितलं. समजावून काय होतं? मी म्हटलं, कोलोमा, मी मासिया. ती हसली, तोंडावर हात ठेवून, तुम्हीसुद्धा काय मास्तर, अशी. मग मला एक युक्ती सुचली — तुम्ही सुचवणारच होता, तोंडावर आलं तुमच्या — की नवरा म्हणून परत यायचं. केलं. पेटाऱ्याच्या तळाशी माझा बोटीवरचा निळा कोट होता. बटणं लागली नाहीत, पण घातला. दाढी केली, टोपी घातली, मागच्या दाराने बाहेर पडून पुढच्या दाराने आत आलो, जिन्यावर पाय वाजवत, जसा यायचो तसा. म्हटलं, कोलोमा, आलो बघ, भूक लागलीय, चल दोघं बसून खाऊ. तिने कोटाकडे बघितलं. मग खुर्ची दिली बसायला. आणि विचारलं, “तुम्ही त्याच बोटीवरचे का? त्याची काही खबर?” आणि मी टोपी काढली, तर तिला वाटलं वाईट खबर घेऊन आलोय. मग मी म्हटलं, नाही, नाही, मजेत आहे तो, तुझी आठवण काढतो. सोपं गेलं असतं का दुसरं काही? तुम्ही काय म्हणाला असतात?

आणि थैली न्यायची नाही म्हटलं तर काय होतं, तेही करून झालंय. त्याच महिन्यात, एका शनिवारी थैली तिथेच ठेवली. तिने काठी आपटली, आपटली, मी गेलो नाही, म्हटलं राहील पडून, कंटाळून खाईल. कुठलं काय. दोन दिवस दूधसुद्धा घेतलं नाही. खिडकीशी बसून होती. शिदोरी गेली नाही म्हणजे बोट सुटली नाही, सुटली नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय — असं काहीतरी. सोमवारी सकाळी मी थैली उचलली, म्हटलं बंदरावर देऊन येतो, आणि तिने माझा हात धरला. दोन्ही हातांनी. आणि कप भरून दूध प्यायली माझ्यासमोर. मग तुम्हीच सांगा मी काय करायचं होतं. गलेता थांबवाव्यात तर बाकी काही तोंडात जात नाही. द्याव्यात तर त्याही जात नाहीत. थैली नेली तर निदान कपभर दूध जातं. मी थैली निवडली. डॉक्टरने दुसरं काही निवडलं असतं, असेल, पण डॉक्टर वीस मिनिटं असतो घरात.

तर दर शनिवारी भरते ती. एकशे चाळीस, बरोब्बर, साताविसा. मी उचलतो, पुढच्या दाराने निघतो, कारण ती खिडकीत असते, आणि त्या पाणपोईच्या कोपऱ्यापर्यंत जातो. तिथे वळून हात करायचा. तो मी तेव्हाही करायचो, बरं का, म्हणून ती थांबते. मग गल्लीने मागे येतो, परसदारातून आत, इथे. आणि रिकामी थैली धुऊन बुधवारी वर देतो, म्हणतो बोटीवरून परत आली. तिचा चेहरा बघायला या कधीतरी बुधवारच्या. “खाल्ल्या सगळ्या?” विचारते. म्हणतो, सगळ्या.

गलेतांचं काय करतो? करतो काहीतरी.

फेकत नाही. आमच्यात पाव खाली पडला तर उचलून ओठाला लावतात, तुमच्यातही असेल — कुठल्या तुम्ही, मानाकोरच्या? — तर लावतच असाल. फेकणार कसा? विकायच्या तर आजाऱ्याच्या खोलीतून आलेल्या, ते पाप मी करणार नाही. फ्रान्सिनाच्या कोंबड्यांना घातल्या असत्या, पण तिने लगेच विचारलं असतं कुठून आल्या, आणि फ्रान्सिनाला कळलं म्हणजे चर्चपर्यंत गेलं.

मी खातो.

म्हटलं ना पोटाकडे बघू नका. नऊ किलो वाढलोय मी मे महिन्यापासून. तुमच्या काट्यावर चढायची गरज नाही, पट्ट्याची भोकं सांगतात. तिथे, त्या स्टुलावरच बसतो, तुम्ही बसलायत त्याच, दुपारी दुकान बंद करून, आणि दिवसाला वीस खातो. बरोबर वीस. कुठे कांदा नाही, टोमॅटो नाही, सॉसेज नाही, काही नाही. वहीत लिहिलंय ते काही अगदीच खोटं नाही, बाई. आठशे कॅलरी गेल्या. ह्या घरात गेल्या. फक्त माणूस चुकला.

का म्हणजे? माझ्यासाठीच भरल्या होत्या ना तिने. दुसऱ्या कुणी का खाव्यात?

नाही, तसं नाही. तसं म्हणायला छान वाटतं, पण तसं नाही. ऐका, आता इतकं बोललोच आहे — आणि हे पोलोनियाला सांगायची गरज नाही, हे तुमच्या कागदातलं नाही. तेव्हा, त्या पाच वर्षांत, ती थैली मी घेऊन जायचो दर खेपेला. हीच अशी, टच्च. तेव्हा सासरे मोजून माल द्यायचे घरात, आणि ती स्वतःच्या वाट्यातल्या वाचवून भरायची, हे मला नंतर तिच्या आईने सांगितलं, किती वाळली होती ती त्या वर्षांत ते. आणि मी चोवीस वर्षांचा, बोटीवर आम्हाला गरम जेवण मिळायचं हो, तो काही जुना काळ नव्हता, स्वयंपाकी होता, मांस असायचं. त्या सुक्या गलेता कोण चावणार? मार्सेयच्या धक्क्यावर एक म्हातारा यायचा, त्याला देऊन सिगारेटी घ्यायचो. थैली उलटी करून झटकायचो, घडी करून ठेवायचो. आणि पत्रात लिहायचो, सगळ्या खाल्ल्या, चांगला जाडजूड झालोय, पुढच्या वेळी अजून दे. अजून दे, असं लिहायचो. मला दोन पाकिटांची सवय लागली होती ना त्या म्हाताऱ्याकडून.

एकही नाही खाल्ली. पाच वर्षांत. आता खातोय. आता काय उपयोग त्याचा, मला ठाऊक आहे, आणि तसं बघू नका, मी काही प्रायश्चित्त वगैरे घेत नाहीये, मला पाद्र्याचं लांबलचक बोलणं आवडत नाही. मला फक्त त्या टाकवत नाहीत. आणि खाववतही नाहीत आता. काल सोळाव्याला घशात अडकली. मी इथे बसून तिचं जेवण गिळतोय आणि ती वर वाळतेय, परत, आणि मी परत लिहितोय — तेव्हा पत्रात लिहिलं, आता वहीत. तिला तेव्हा माझ्याकडून खोटंच मिळालं आणि आता खरं सांगतोय तर ते तिला चालत नाही.

द्या ती वही. द्या इकडे. हे मे-पासूनचं सगळं — हे, आणि हे पान, हे — खोडा. पेन आहे तुमच्याकडे? वीस खोडा आणि शून्य लिहा. दूध-कॉफी राहू द्या, ती खरी आहे. कधी एक कप, कधी अर्धा. रश्श्याचे चार चमचे, तेही रोज नाही. लिहा.

आता बोला. बोला, मी ऐकतोय, कणीक आटपत ऐकतोय. नळी. नाकातून. हो, पोलोनियाने सांगितलं होतं. नाहीतर पाल्माचं ते ठिकाण, जिथे तीन बायका आळीपाळीने बसतात आणि थोडं-थोडं भरवतात, त्यांना जमतं, असं म्हणता. घरच्यांना जमत नाही ते परक्यांना जमतं कधी कधी. असेल. मी परकाच आहे की, मला तरी कुठे जमलं? नाही, टोमणा नाही तुम्हाला. किती दिवस म्हणता, हे असं चाललं तर? … आठवडे. म्हणजे महिने नाहीत. हं.

दोनदा आपटली. ऐकलंत? थैली भरली.

ती यायची नाही तुमच्याबरोबर. दाढीवाल्याने प्रयत्न केला होता, नुसत्या रक्ततपासणीला न्यायचा, तर जिन्याचा कठडा धरून बसली, बोटं सोडवेनात त्याच्याने. उचलून नेऊ म्हणाला तो. अडतीस किलो उचलायला काय लागतं. मी नाही म्हटलं. तिला ओरडत ह्या दारातून बाहेर गेलेली मी बघणार नाही, आणि गल्लीनेही बघू नये.

एक मार्ग आहे. मला पहिल्यापासून ठाऊक होता, म्हणूनच मी तुमच्यापासून लपवत होतो की काय कोण जाणे. सोमवारी गाडी पाठवा. दहाच्या सुमाराला, ती तेव्हा ताजी असते. गाडीवर दवाखान्याची चित्रं नकोत, साधी असली तर बरं. मी वर जाईन आणि सांगेन, बोट लागलीय बंदरात, मासिया वाट बघतोय, या वेळी थैली तूच घेऊन जा. ती स्वतः जिना उतरेल, बाई. तुमचा विश्वास नाही बसणार, ती केस विंचरेल आधी. आजची थैली मी आज नेणार नाही, सांगेन उशीर झालाय बोटीला. आज आणि उद्या ती उपाशी राहील, दूध घेणार नाही, एवढं धरून चाला, पण सोमवारी हातात थैली असली पाहिजे तिच्या, नाहीतर ती उठणार नाही. आणि गाडीत जी कोणी शेजारी बसेल तिला सांगून ठेवा, थैलीतली काढून दिली तर घ्यायची. देईल ती. नाही म्हणायचं नाही.

मी? मी कसा येणार. मी येऊन बसलो गाडीत तर ती विचारेल, मास्तर, भट्टी कोण बघतंय. पाववाला कशाला जाईल बंदरावर? मी इथेच राहणार, दारात. हात करेन. आणि पाल्माला पोचल्यावर तिने विचारलं, बोट कुठे आहे — ते तुम्ही ठरवा तिथे काय सांगायचं. तीन बायका आहेत ना, ठरवतील. माझ्याकडे आता काही शिल्लक नाही सांगायला.

कुठे सही करायची? इथे. हे झालं. आणि इथे तारीख. … आणि हे काय आहे, चष्म्याशिवाय नीट दिसत — ‘रुग्णाशी नातं.’

तो रकाना तुम्ही भरा. मला भट्टी बघायचीय, वास नाही आला का तुम्हाला, करपायला लागल्यात. निघा तुम्ही. पुढच्या दाराने नको, ती खिडकीत असेल. मागून जा.